लिहिता येतं, वाचता येत नाही

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहितो आहे, पण लिहिलेली ओळ मला परत वाचता येत नाही. वर काय लिहिलं ते बघायचं म्हटलं तर एकेका अक्षरावर बोट फिरवावं लागतं, आणि एका ओळीला चार-पाच मिनिटं जातात. म्हणून मी मागे वळून बघत नाही. पानं झाली की त्यांचे फोटो पुण्याला सुनेकडे जातात. मेघा ती टाइप करते आणि फोनवर वाचून दाखवते. एखादी गोष्ट दोनदा आली असेल तर तशीच राहू दे, असं मी तिला सांगितलं आहे.

मेंदूला झटका येऊन गेलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहायला बसलो. पण या आजारपणात एक जुनी गोष्ट वर आली. ती वगळून लिहिलं तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल, जे मी नोकरीत केलं.

मी धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. निवृत्तीनंतर अंबाजोगाईत घर बांधलं. वय शहात्तर. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा नितीन आणि सून पुण्यात नोकरी करतात. घरी सकाळी मंगल येते. स्वयंपाक, झाडलोट, भांडी सगळं तिच्याकडे. वय बत्तीस-तेहतीस. ती माझ्याच शाळेत सातवीपर्यंत होती, लग्न होऊन अंबाजोगाईत आली. पत्नीने तिला कामावर ठेवलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. आपली विद्यार्थिनी आपल्याच घरात.

पेपर

त्या सकाळी पेपर उघडला आणि मला वाटलं, आज चुकून तेलुगू पेपर टाकला. अक्षरं ठळक होती, स्वच्छ होती, वरची रेघही दिसत होती. पण त्यांच्याकडे बघून काही होत नव्हतं. ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख न देता पुढे निघून जावं, तसं.

मी हाक मारली, "मंगल, पेपर बदलून टाकलाय का गं?"

तिने वाकून बघितलं. "फोटो तर आपल्याच पुढाऱ्यांचे हाईत की."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आकडे कळले, वारांची नावं कळली नाहीत. हात हलत होते, तोंड वाकडं झालं नव्हतं, बोलणं नीट होतं. शेजारचे देशमुख म्हणाले, "लकवा न्हाई हा, चष्म्याचा नंबर वाढला आसंल. उद्या बगू." मंगलने त्यांचं ऐकलं नाही. रिक्षा बोलावली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिचं ते ऐकून न घेणं मला वाचवून गेलं. हात-पाय चालतात म्हणून झटका नाही, असं कोणी समजू नका. अचानक काहीही बिघडलं की त्याच तासाला निघा.

डॉक्टर मुलगी तरुण होती. तिने कागद-पेन दिलं. "आजोबा, नाव-पत्ता लिहा." मी झरझर लिहिलं. तिने कागद माझ्याकडे फिरवला. "आता वाचा." मी त्या कागदाकडे बघत राहिलो. शाई ओली होती आणि ते कोणी लिहिलं होतं हे मला सांगता आलं नसतं.

ती म्हणाली, "कमाल आहे." मग तिला वाईट वाटलं असावं. "म्हणजे, घाबरू नका." पण मला तिचा पहिला शब्दच आवडला. मलाही भीतीच्या शेजारी तेच वाटत होतं. चाळीस वर्षं मुलांना शिकवताना मी लिहिणं-वाचणं हा एकच शब्द म्हणून उच्चारत आलो. त्या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि एकीला कुलूप लागू शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वॉर्ड

वॉर्डात नऊ दिवस होतो. पहाटे झाडू, मग सुई, मग ब्लडप्रेशरचा पट्टा, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे विद्यार्थ्यांची रांग. मला पाहायला रोज गर्दी व्हायची. कुणी चित्रं दाखवायचं, कुणी हवेत अक्षर काढायला लावायचं. उजव्या बाजूचं थोडं दिसत नव्हतं, ते मला दाराच्या चौकटीला खांदा आपटल्यावर कळलं.

शेजारच्या कॉटवर घाटनांदूरचा एक मेंढपाळ होता, पायाला प्लास्टर. दोन दिवस त्याने हा तमाशा बघितला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "गुरुजी, तुमाला नेमकं झालंय काय?"

"वाचता येत नाही."

"बास? आवो, मला जन्मापास्नं हाच आजार हाय. मला तर कुनी ॲडमिट केलं न्हाई!"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. पण त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

चिठ्ठ्या

माझं घर आधी कसं होतं ते सांगायला हवं. डब्यांवर चिठ्ठ्या: तूरडाळ, हरभराडाळ, रवा. फायलींवर चिठ्ठ्या. किल्ल्यांना चिठ्ठ्या. औषधांचा एक डबा, त्यात कप्पे, कप्प्यांवर नावं. शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर नीटनेटकेपणावर बोलायचो. तालुक्यात माझ्या शाळेची दप्तरं, म्हणजे हजेरीपट आणि नोंदवह्या, दाखवायला इतर मुख्याध्यापकांना आणत.

दवाखान्यातून घरी आलो तर ते सगळं घर मुकं झालं होतं. दर डब्यावर माझंच वळणदार अक्षर, आणि मला रव्यासाठी सहा डबे उघडावे लागत. चौथ्या दिवशी मी डायबेटिसची गोळी ब्लडप्रेशरची समजून दुसऱ्यांदा घेतली. मंगल दुपारची भांडी घासायला आली तेव्हा मी घामाने भिजून खुर्चीत कलंडलो होतो. तिने गुळाचा खडा तोंडात घातला आणि गालावर चापटी मारली. आपल्या मुख्याध्यापकाच्या गालावर. बरं केलं.

नितीन रात्रीच्या गाडीने आला. "बाबा, बास झालं. पुण्याला चला."

"तिथे मी काय करू? तुमच्या सोसायटीच्या पाट्याही मला वाचता येणार नाहीत."

"इथे वाचता येतायत का?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी चिडलो. शेवटी ठरलं ते असं: तीन महिने बघू. गोळ्यांचा पुन्हा घोळ झाला तर पुणे.

तो गेल्यावर मी गोळ्यांची पाकिटं मंगलसमोर ठेवली. "यातली सकाळची कुठली, वाच बरं."

तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं. "चष्मा न्हाई आणला गुरुजी."

तिला चष्मा नाही. आणि आदल्याच दिवशी देशमुखांनी लग्नाची पत्रिका पुढे केली तेव्हा मी हेच वाक्य बोललो होतो.

"मंगल, तुला वाचता येत नाही?"

"न्हाई."

"तू सातवी पास आहेस."

"हाय की. कागद हाय घरी. पिशवीत घालून ठिवलाय."

मंगलची पद्धत

पुढचे दोन दिवस तिने माझं घर पुन्हा लावलं, आणि मी विद्यार्थ्यासारखा तिच्यामागे फिरलो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ही बाई अक्षराशिवाय दोन घरं, दोन मुलं, बँक, रेशन, दवाखाना हे सगळं कसं चालवते?

माझी पद्धत अशी होती की एका जातीच्या सगळ्या वस्तू एका ठिकाणी, आणि वर नाव. तिने ती मोडलीच.

"तुमी सगळ्या गोळ्या एका डब्यात कावून ठिवता? मानूस ज्या टायमाला जितं आसतंय, तितं ती वस्तू पायजे."

कुठली गोळी कधीची, ते तिने आधी औषधाच्या दुकानात विचारून आणलं. सकाळी मी उठल्यावर दात घासतो, म्हणून सकाळची गोळी ब्रशच्या पेल्यात. दुपारची माझ्या ताटाखाली. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावतो, म्हणून संध्याकाळची काडेपेटीपाशी. एका पाकिटाचा कोपरा कापलेला, एकाला रबर, एक तसंच. बोटाला कळतं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने काढल्या नाहीत. डबेच बदलले. डाळी काचेच्या बरण्यांत गेल्या. "आतलं दिसतंय तर वर नाव कशाला?"

फोनमध्ये नितीनच्या नावापुढे त्याचा फोटो, दवाखान्यापुढे लाल फूल, गॅसवाल्यापुढे टाकीचं चित्र. हे सगळं ती स्वतःसाठी बारा-पंधरा वर्षं करत होती. बसची पाटी ती वाचत नाही, कंडक्टरला विचारतही नाही. धारूरच्या गाडीपाशी कुठली माणसं उभी असतात ते ती बघते.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना सांगतो: औषधांसाठी मोठा तक्ता करू नका. माणूस दिवसभर कुठे कुठे असतो ते आधी बघा. तीन महिन्यांत माझी एकही गोळी चुकली नाही. नितीनने पुण्याचा विषय काढणं थांबवलं.

काम करताना मंगल बोलायची. पूर्वीही बोलत असेल, मी पेपरात असायचो. आता ऐकायला लागलो, आणि ऐकताना एक वाक्य पुन्हा पुन्हा यायचं. "माझ्या बापानं मला कोयत्याला जुंपलं." तिची मामेबहीण शेजारच्या तालुक्यात. तिच्या गावातल्या शाळेने वसतिगृह काढलं होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं तिथे राहायची. ती बहीण आता नर्स आहे. "माझ्या बापानं एकदा जरी शाळंत जाऊन इच्यारलं आसतं! पर पोरगी म्हंजी मोळ्या उचलायला फुकटचा हात." वडील आता थकले होते, डोंगरातल्या गावी मुलाकडे राहायचे. भेटायला ये म्हणून निरोप पाठवायचे. मंगल जायची नाही. दिवाळीला भावाला ओवाळून, वडिलांशी न बोलता परत यायची.

हे ऐकताना मी शेंगा सोलत असायचो, मान खाली घालून. कारण तिचे वडील शाळेत आले होते. माझ्याकडे.

तव्हा कावून न्हाई?

डॉक्टरांनी मला एक युक्ती दिली होती. अक्षर डोळ्याला कळत नसेल तर बोटाने गिरवा, हाताला अजून आठवतं. मी पाटी आणली. "क" गिरवायचा आणि हात सांगेल तेव्हा म्हणायचं, क. मंगल बघत उभी राहायची. एके दिवशी मी म्हटलं, ये, तूही गिरव.

"आता काय करायचंय, गुरुजी? माझं डोस्कंच मठ्ठ. सात वर्सं शाळेत होते तरी काय आलं?"

पण बसली. तिला एक अक्षर दोनदा दाखवावं लागलं, तिसऱ्यांदा नाही. पंधरवड्यात माझ्यापेक्षा पुढे गेली. एका दुपारी तिने मिठाच्या पुड्यावर बोट ठेवून "मीठ" असं वाचलं आणि हसली. मग हसणं थांबलं.

"गुरुजी, आता येतंय. मंग तव्हा कावून न्हाई आलं?"

तो प्रश्न तिने मला विचारला होता. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून.

मी एवढंच म्हणू शकलो असतो की तेव्हा लक्ष नसेल तुझं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. खरं काय होतं ते आता लिहितो, जसं त्या दुपारी तिला सांगितलं तसं.

दिवाळी झाली की गावातली निम्मी मुलं आईबापांबरोबर साखर कारखान्यांच्या भागात जायची, ती थेट उन्हाळ्यात परतायची. त्या महिन्यांत मी त्यांची हजेरी लावत होतो. रोज, एकसारख्या शाईने. पटसंख्या घसरली असती तर एका शिक्षकाची बदली झाली असती. हे कारण मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आड दुसरं होतं. माझं दप्तर तालुक्यात नावाजलेलं होतं, आणि त्यात एकदा खरं लिहिलं की मागची सगळी वर्षं खोटी ठरणार होती.

वसतिगृह मिळायला स्थलांतरित मुलांची यादी लागायची. मंगलचे वडील लिंबाजी ऐकून आले होते. म्हणाले, "गुरुजी, पोरीला हितंच ठिवायचंय. सरकार वसतिगृह देतंय म्हनं."

मी म्हटलं, "आपल्या शाळेतून कुणी जातच नाही लिंबाजी. मग कसं मिळेल?"

"आवो, मी तर चाललोय की परवा."

"कागदावर नाही."

तो उठून गेला. पुढच्या वर्षी पुन्हा आला, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर आला नाही. आणि मंगल पटावर सगळी वर्षं हजर होती, म्हणून सातवी पास झाली.

मंगल ओट्यापाशी उभी होती. हाताला पीठ होतं. म्हणाली, "आबा आलते?"

"आले होते."

"दोनदा?"

"दोनदा."

तिने गॅस बंद केला, हात धुतले, मळलेल्या पिठावर ताट झाकलं आणि गेली.

सहा दिवस

सहा दिवस ती आली नाही. देशमुखांच्या घरून डबा यायचा. नितीनला फोनवर सांगितलं तर तो वैतागला. "वीस वर्षांनी कशाला उकरायचं, बाबा? तिचं भलं झालं का त्यानं? तुमचं तरी झालं का?"

मी गोळ्या वेळेवर घेत होतो. घर जसं तिने लावलं होतं तसंच होतं, आणि प्रत्येक गोष्ट हाताशी सापडत होती. नीट लावलेलं घर आणि नीट लावलेलं दप्तर यांत फरक काय, असा विचार त्या दिवसांत करत बसलो. तिने वस्तू ठेवताना मला बघितलं होतं, मी कुठे बसतो, कुठे उठतो. मी हजेरी लावताना एकदाही बाकाकडे बघितलं नव्हतं. बाक रिकामा होता हे मला माहीत होतं, म्हणून बघत नव्हतो.

सातव्या दिवशी दार वाजलं. मंगल कोरा कागद घेऊन उभी होती.

"हे सगळं ल्ह्या ह्याच्यावर. आबा कितींदा आलते, तुमी काय म्हनलात. खाली सही करा. लिव्हता तर येतंय ना तुमाला?"

मी लिहिलं. दोन्ही बाजू भरल्या. तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. तिला जोडाक्षरं, वळणदार लिखाण अजून वाचता येत नव्हतं. मला तर काहीच येत नव्हतं.

"ह्यात आबांचं नाव कुटं हाय?"

आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि शोधायला लागलो. मी ओळीवर बोट फिरवत होतो, ती "लि" शोधत होती. तिला आधी सापडलं. त्यावर तिने नख दाबून खूण केली, कागदाची घडी घातली, आणि धारूरच्या गाडीला गेली.

ती चौथ्या दिवशी परत आली. झाडू घेतला. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"वाचला कुणी?"

"वैनीनं. धावी झालीय ती. सगळ्यांम्होरं वाचला. भाऊ व्हता, शेजारचे दोगंतिगं व्हते."

"आबा काय म्हणाले?"

ती झाडत राहिली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर म्हणाली, "म्हनले, समदं बराबर लिव्हलंय. पर एक ऱ्हायलंय."

"काय?"

"तुमी त्यास्नी खुर्चीवर बसवून च्या पाजलता. ते न्हाई लिव्हलं म्हनले. म्या इच्यारलं, आबा, मंग इतकी वर्सं मला सांगितलं कावून न्हाई? मी तुमालाच बोल लावत ऱ्हायले. तर म्हनले, ज्यानं खुर्चीवर बसवून च्या पाजला, त्याचं नाव कसं घ्यायचं पोरी."

मी आठवून बघितलं. तेव्हाही आणि आता लिहितानाही. लिंबाजीचा चेहरा आठवतो, त्याच्या उपरण्याचा रंग आठवतो. चहा आठवत नाही. ज्यांना लवकर वाटेला लावायचं असे त्यांना मी चहा सांगत असे, हे मात्र मला माहीत आहे.

मंगलने केर भरला, बादलीत पाणी घेतलं.

"आबांनी सोडून दिलं," ती म्हणाली. "म्या न्हाई सोडलं आजून."

"नको सोडूस," मी म्हटलं.

"पाय वर घ्या. फरशी पुसायची हाय."

मी पाय वर घेतले.